प्लस वनचं वर्ष

भाताची लोंबी अवेळी पांढरी पडली की ती चिमटीत धरून वर ओढायची. अलगद हातात आली तर आत खोडकिडा आहे. नाही आली तर तिची मान बघायची. मान काळपट पडली असेल तर तो करपा, तमिळमध्ये कुलै नोय. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करूनही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं ते तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडू तालुक्यात, शाळेमागच्या बांधावर उभ्या असलेल्या अकरावीतल्या एका मुलानं. "ओढून बघा, टीचर," तो म्हणाला. मी ओढली. लोंबी हातात आली आणि मागे उभा असलेला सगळा वर्ग हसला, कारण हे न येणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मी मूळची मिरजेची. १९८७ साली लग्न होऊन तंजावरला आले. सासर मेल वीदीतलं, राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. व्यंकोजीराजांच्या काळात आलेलं घराणं. गावातले लोक आजही आम्हाला रायर म्हणतात. सासूबाईंची मराठी ऐकून माझ्या आईला हसू आवरेना आणि आईची ऐकून सासूबाईंना. मी दोन्ही बाजूंनी हसं करून घेत तमिळ शिकले, रोज सकाळी ‘दिनतंदी’ मोठ्यानं वाचून. १९९० मध्ये एका अनुदानित हायर सेकंडरी शाळेत लागले. जुन्या बसस्टँडवरून ओरत्तनाडूची बस, तिथून पुढे आणखी एक. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावानं छत्र उभारलं होतं. वाटसरूंना जेवण आणि मुलांना शिक्षण, दोन्ही तिथे मिळायचं. सासरे हे फार अभिमानानं सांगत. माझ्या मुलांच्या लेखी ओरत्तनाडू म्हणजे बस बदलायची जागा.

महाराष्ट्रात अकरावी म्हणजे कॉलेज. गणवेश सुटतो, डबा सुटतो, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की अकरावीला कुणी नापास करत नाही. मी स्वतः १९८० साली मिरजेत ते वर्ष असंच घालवलं होतं. तमिळनाडूत अकरावी-बारावी शाळेतच असते. १९७८ मध्ये ही पद्धत आली तेव्हापासून तिला प्लस वन, प्लस टू म्हणतात. गणवेश तोच, प्रार्थना तीच, पोरंही सहावीपासून ओळखीची. मात्र एका बाबतीत मिरज आणि ओरत्तनाडू सारखंच होतं. बोर्डाची परीक्षा फक्त प्लस टूला. प्लस वनची परीक्षा आम्हीच घ्यायची, आम्हीच तपासायची, आणि सगळ्यांना पुढे ढकलायचं.

त्या ढिलाईचा आम्ही जो फायदा घेतला त्याची मला आजही लाज वाटत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. ते कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचतं, तिथून फाटे फुटत आमच्या कालव्याला येतं. तोपर्यंत प्लस वनचे वर्ग भरून गेलेले असायचे. सांबा भाताची रोपवाटिका टाकली की मी पेशी आणि ऊती बाजूला ठेवून वर्ग बांधावर न्यायची. मुलं जातींची नावं आकड्यांनी सांगत. एडीटी ३६, एडीटी ४३, सीआर १००९. एडीटी म्हणजे आडुदुरै, आमच्याच जिल्ह्यातलं भात संशोधन केंद्र, हे त्यांना माहीत नसायचं. पण कुठल्या जातीला किती दिवस लागतात, कुठली पावसात आडवी होते, हे विचारायची सोय नव्हती, लगेच वाद सुरू व्हायचा. तुडतुड्यांनी शेतात जळक्या पिकाचे गोल पडतात त्याला इथे पुगैयान म्हणतात. पुगै म्हणजे धूर. धुरानं करपल्यासारखं दिसतं म्हणून. हा शब्द मी एका मुलीकडून शिकले, जी वर्गात वर्षभर एकदाही हात वर करत नव्हती.

प्रत्येकाला एक वही दिलेली असायची. एक पान एका रोगाला किंवा किडीला. पान चिकटवायचं, खाली स्थानिक नाव, घरचे काय करतात ते, आणि शेवटच्या ओळीत शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव शेवटी का, असं मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, ओळख आधी होते, नाव नंतर कळतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, प्लस टूला उलटं करा.

आणि प्लस टूला मी उलटं करायची. खरंच करायची. प्लस टू म्हणजे तेव्हा १२०० गुण. सहा विषय, प्रत्येकी २००. विज्ञानाच्या विषयात १५० लेखी, ५० प्रात्यक्षिक. पैकीच्या पैकी मिळाले तर त्याला सेंटम म्हणतात, आणि शाळेच्या कुंपणावर फ्लेक्स लागतो तो सेंटमचा. महाराष्ट्रात कुणी बोर्डात आलं की पेपरात फोटो यायचा, तसंच. २००६ चा कायदा होऊन २००७ पासून राज्याची प्रवेशपरीक्षा गेली. तिच्यामुळे शहरातल्या क्लासवाल्यांचं फावत होतं, त्यामुळे खेड्यांतल्या मुलांसाठी ते चांगलंच झालं. माझ्या वर्गातली पहिली डॉक्टर मुलगी त्यानंतरची. पण मग सगळा भार प्लस टूच्या गुणांवर आला. जीवशास्त्राचे १००, भौतिक आणि रसायनाचे ५०-५०, असा २०० चा कटऑफ. पाव गुणावर जागा हुकायची.

पाव गुण मिळवायची रीत ठरलेली होती. प्रश्नपत्रिकेची ब्लूप्रिंट सगळ्यांना पाठ: कुठल्या धड्यातून किती गुणांचे किती प्रश्न. धड्यामागचे प्रश्न म्हणजे बुक बॅक. एका गुणाचे प्रश्न तर तिथूनच यायचे. महाराष्ट्रात आम्ही ‘एकवीस अपेक्षित’ घेऊन बसायचो. इथे अपेक्षितची गरजच नव्हती, पुस्तकच अपेक्षित होतं. संध्याकाळी साडेचार ते सहा स्पेशल क्लास. मुलं व्हरांड्यात फेऱ्या मारत मोठ्यानं घोकायची. मनप्पाडम, म्हणजे पाठांतर. हा शब्द मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बांधावर वाद घालणारं पोर सहा महिन्यांत डोळे मिटून ‘प्रकाशसंश्लेषणावर परिणाम करणारे घटक’ म्हणायला लागायचं, स्वल्पविरामासकट.

नामक्कलच्या बाजूला काही खाजगी निवासी शाळांनी यापुढची पायरी गाठली होती. तिथे प्लस वन शिकवतच नसत. दोन्ही वर्षं प्लस टूचंच पुस्तक. आमच्या गावातल्या ज्यांना परवडत होतं त्यांनी जमीन गहाण टाकून मुलं तिकडे धाडली. निकाल लागला की ती मुलं आमच्या मुलांच्या शंभर-दीडशे गुण पुढे असायची. मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणितात गटांगळ्या खायची, कारण खालची वीटच बसवलेली नव्हती. ते मात्र कुठल्या फ्लेक्सवर येत नसे.

उत्तरपत्रिका तपासायला दर उन्हाळ्यात कॅम्प असतो. परजिल्ह्याचे पेपर, नावाऐवजी बनावट क्रमांक, सकाळी एक गठ्ठा, दुपारी एक. वर पंखा, पण तो कागद उडवण्यापुरताच. साल नेमकं सांगत नाही. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात पिकांचे रोग होते, त्यात भातावरचा करपा. पाच गुणांना तो आला होता. उत्तरसूचीत, म्हणजे कीमध्ये, मुद्दे छापलेले: रोगकारक बुरशीचं नाव, पानावरचे दोन्ही टोकांना निमुळते ठिपके, प्रसार, उपाय. एका मुद्द्याला एक गुण.

तिसऱ्या की चौथ्या गठ्ठ्यात एक उत्तर आलं. दीड पान. बुरशीचं नाव नव्हतं. लिहिलं होतं की मार्गळी महिन्यात रात्री थंड पडतात आणि सकाळी पानावर दव राहतं तेव्हा हा रोग येतो. डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. युरिया उशिरा आणि जास्त टाकला तर वाढतो, म्हणून आमच्याकडे शेजाऱ्याच्या हिरव्यागार शेताकडे बघून भुलायचं नाही असं म्हणतात. आणि शेवटी: लोंबी पांढरी पडली म्हणजे कुलै नोयच असं नाही, ओढून बघायची, सहज आली तर किडा.

मी पेन खाली ठेवलं. शेजारच्या बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, हसल्या, म्हणाल्या, "याला भात येतं, बॉटनी येत नाही." कुठल्या तरी भातवाल्या गावचं पोर असणार, आमच्या जिल्ह्याचं नक्कीच नाही. मी की पुन्हा पाहिली. ठिपके होते: एक. उपायात खत आवरणं कसंबसं बसवलं: एक. पाचपैकी दोन देऊन पान उलटलं. मला तीन देता आले असते. वर कुणाकडे जाऊन भांडता आलं असतं. दुपारचा गठ्ठा बाकी होता, आणि माझी बस सव्वापाचची होती.

२०१७ च्या मे महिन्यापासून एकामागोमाग एक निर्णय आले. निकालात क्रमांक जाहीर करणं बंद. पहिली कोण, दुसरा कोण, हे कळणारच नाही. आमच्या स्टाफरूममध्ये काही जण हळहळले. मला बरं वाटलं. मग कळलं की प्लस वनलाही बोर्डाची परीक्षा, त्याच वर्षापासून. गुण १२०० चे ६०० होणार, विषयाला १००. दोन्ही वर्षांचे ६००-६०० मिळून एकत्र गुणपत्रक. ब्लूप्रिंट गेली, प्रश्न धड्याच्या आतूनही येणार. नवा अभ्यासक्रम करायला अण्णा विद्यापीठाचे माजी कुलगुरू एम. आनंदकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती. उद्देश उघड होता: प्लस वन गिळून टाकणाऱ्या शाळांना चाप.

आणि तो उद्देश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाला नीट लागू झाली, आणि नीटमध्ये अकरावी-बारावी दोन्हींचं विचारतात. कोळ्ळिडम नदी ओलांडली की पलीकडे अरियलूर जिल्हा. तिथल्या कुळुमूरची अनिता, हमाली करणाऱ्या बापाची मुलगी, १२०० पैकी ११७६. नीटमध्ये जागा मिळाली नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. त्यानंतर शाळा भरली तेव्हा माझ्या वर्गात कुणी बोलत नव्हतं. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "टीचर, ११७६ म्हणजे काहीच नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या दिवशी धडा शिकवला नाही, एवढंच.

पण त्या पावसाळ्यात मी वर्ग बांधावरही नेला नाही. प्लस वनचा पोर्शन मार्चच्या आत संपवायचा होता. स्पेशल क्लास आता दोन्ही इयत्तांना. दहावीची बोर्ड, मग अकरावीची, मग बारावीची, अशी सलग तीन. नामक्कलच्या शाळांनी जे वर्ष चोरलं होतं ते परत आणायला सरकार निघालं आणि जाताजाता आमचंही घेऊन गेलं. वह्या मी कपाटात ठेवल्या. मार्च २०१८ ची पहिली परीक्षा झाली, माझ्या वर्गातली सात मुलं एकेका विषयात अडकली. त्यांना प्लस टूत बसू दिलं, अडकलेला विषय अरियर म्हणून गळ्यात. सातातल्या दोघांनी शाळा सोडली. एक तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेला. तो त्या ओढून बघणाऱ्यांपैकी होता.

जून २०१८ ला नवी पुस्तकं आली. हे मान्य करायला हवं की ती सुंदर होती. रंगीत, गुळगुळीत, बहुतेक विषयांचे दोन दोन खंड, प्रत्येक धड्याला क्यूआर कोड. मी ती रात्री जागून वाचली, आपल्याच विषयात नवं काही वाचल्याचा आनंद फार वर्षांनी झाला. जुन्या पुस्तकात नसलेलं कितीतरी आता आलं होतं. आणि सगळं मिळून ते दहा महिन्यांत उरकणं अशक्य होतं. मी शिकवायची कमी आणि पळायची जास्त.

१६ नोव्हेंबरच्या पहाटे गजा वादळ आलं. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यात नारळ असे झोपले की आडोसा गेल्यानं गावं एकमेकांना दिसायला लागली. नारळ पुन्हा धरायला पाच-सात वर्षं. ज्या घरात बाग गेली त्या घरात कॉलेजची फी गेली. शाळा उघडली तेव्हा व्हरांड्यात भिजलेली नवी पुस्तकं उन्हाला मांडली होती. गुळगुळीत कागद वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. क्यूआर कोड शाबूत होते, पण कित्येक दिवस वीज नव्हती, फोन कुठून चालणार. मुलं पडलेली झाडं तोडायला बापाबरोबर जात होती. मी त्या आठवड्यात पोर्शन सोडला आणि विचारलं, नारळ पडला आणि ताड का उभा राहिला? पाऊण तास वर्ग बोलत होता. मुळांवर, खोडावर, झावळ्यांच्या आकारावर. मग घंटा झाली आणि भौतिकशास्त्राचे सर दारात येऊन उभे राहिले, त्यांचेही चार धडे राहिले होते.

वादळाच्या आधीच, सप्टेंबरात, सरकारनं अर्धं पाऊल मागे घेतलं होतं. प्लस वनचे गुण पुढच्या प्रवेशाला धरणार नाहीत. परीक्षा मात्र राहील. मुलांना हे बरोबर कळलं. त्यांनी मला विचारलं, मग परीक्षा कशाला? पास व्हायला. बरं, म्हणाली. त्या दिवसापासून प्लस वनमध्ये भीती तेवढी उरली आणि लाभ गेला.

नव्या पद्धतीत माझ्या विषयाला ७० लेखी, २० प्रात्यक्षिक, आणि १० अंतर्गत. हे १० माझ्या हातात होते. हजेरी, चाचण्या, प्रकल्प, असं मोडून द्यायचे. वाटलं, ही माझी वही इथे बसेल. बसलीही, पहिल्या वर्षी. पण शेजारची शाळा सगळ्यांना दहाच्या दहा देते म्हटल्यावर आपल्या मुलाला सात कुठल्या तोंडानं द्यायचे? पुढच्या वर्षी मीही सगळ्यांना दहा दिले. दुकानातून आणलेले थर्माकोलचे प्रकल्प प्रयोगशाळेत छतापर्यंत साठले. शिक्षकाच्या हातात गुण द्या असं मी वीस वर्षं स्टाफरूममध्ये भांडत होते. दिले, तर मी असे वाटले.

कोविडच्या वर्षी, २०२१ ला, प्लस टूची परीक्षाच रद्द झाली. निकाल लावला तो हिशेबानं: दहावीचे ५० टक्के, प्लस वनचे २०, प्लस टूच्या प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांचे ३०. ज्या प्लस वनच्या गुणांना काही किंमत नाही असं सांगितलं होतं ते अचानक मोजले गेले. एक आई शाळेत येऊन रडली. मुलीनं प्लस वनला "नुसतं पास" व्हायचं ठरवलं होतं, आमच्याच सांगण्यावरून.

मी मे २०२३ ला निवृत्त झाले. कपाट रिकामं करताना वह्या सापडल्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. चिकटवलेल्या पानांचा हिरवा रंग गेला होता, ठिपके मात्र दिसत होते.

८ ऑगस्ट २०२५ ला राज्याचं शैक्षणिक धोरण जाहीर झालं आणि प्लस वनची बोर्डाची परीक्षा त्याच शैक्षणिक वर्षापासून बंद झाली. आठ वर्षांत एक फेरी पूर्ण. संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. नवरा शेती करतो, मुलगी यंदा प्लस वनला, शहरातल्या एका खाजगी शाळेत. मी म्हटलं, चला, पोरीला एक वर्ष मोकळं मिळालं. ती म्हणाली, "कुठलं टीचर, शाळेनं आजच सांगितलं, पुढच्या महिन्यापासून प्लस टूचं पुस्तक."

मी गप्प बसले. मग तिला म्हटलं, पोरीला रविवारी शेतात पाठव, कुरुवैचं भात निसवलं असेल.

रविवारी दुपारी मुलीनं फोनवर फोटो पाठवला. हिरव्या पिकात एकच लोंबी, उभी, पांढरीफटक. खाली लिहिलं होतं, आजी, हा कुठला रोग? पुस्तकात सापडत नाही.

मी लिहिलं, ओढून बघ.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "आली हातात."